पत्र्याच्या होडीतला रविवार

मला मासे धरायला दादांनी शिकवलं. दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. नांदेडच्या ज्या सरकारी ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो तिथं ते अव्वल कारकून होते, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना दादाच म्हणायचे, म्हणून मीही. एवढं सगळं होऊन गेलं तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की हातून 'ते' आणि 'त्यांनी' असंच उतरतं. सवय आहे, दुसरं काही नाही.

आमचं घर लिंगायताचं. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. मासा मी पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या चोविसाव्या वर्षी, गोदावरीच्या काठावर, दादांच्या शेजारी बसून. एका रविवारी त्यांनी सहज विचारलं, "घरी बसून काय करून राहिलास? चल नदीवर." मी नुसता सोबत म्हणून गेलो. त्यांनी बांबूची एक काठी माझ्या हातात दिली, तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, बांधलेली, पाण्यावर बाटलीचं बूच तरंगत होतं. तासभर काही झालं नाही. मग ते बूच गपकन आत गेलं आणि माझ्या मनगटाला एक हिसका बसला. त्या हिसक्यानं मला धरलं ते धरलंच. पुढं सहा वर्षं एक रविवार चुकवला नाही. मासा मी खात नव्हतो. धरलेला सगळा दादांच्या पिशवीत जायचा, त्यांच्या घरी चालायचं.

आईला हे फार दिवस लपवता आलं नाही. हाताचा वास जात नाही. ती मला अंगणातल्या नळावर अंघोळ घातल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि दर वेळी एकच विचारायची, "खात न्हाईस तर धरतोस कशाला रे त्यायला?" मी हसण्यावारी न्यायचो. दादांवर मात्र तिचा राग नव्हता. उलट दादा घरी आले की ती त्यांच्यासाठी ज्वारीची गरम भाकरी टाकायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. वडील मी लहान असतानाच गेले होते. घरात एखादा वडीलधारा माणूस येतो-जातो, याचंच तिला बरं वाटत असावं.

मग लातूरचा जिल्हा वेगळा झाला. लातूरकरांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. आम्हा शेजारच्या जिल्ह्यांतल्या नोकरदारांना मात्र धास्ती पडली. नव्या जिल्ह्याला माणसं लागणार होती आणि ती आमच्यातूनच उचलली जाणार होती. तिथं बसायला खुर्च्या नाहीत, राहायला खोल्या मिळत नाहीत, प्यायला पाणी नाही, असं जो तो सांगायचा. दादांनी आणि मी जोडीनं अर्ज दिला, की आम्हाला जायचं नाही. माझ्या अर्जात आईच्या दम्याचं कारण होतं. ते दादांनीच लिहून दिलं. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

पंधरा दिवसांत माझा हुकूम आला. दादांचं नाव यादीत नव्हतं.

त्या संध्याकाळी दादा घरी आले. आईसमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "मावशी, मी लई भांडलो. साहेबाच्या टेबलावर हात आपटला. पण वरून आलेली ऑर्डर, माझं काही चाललं न्हाई." आईनं डोळ्याला पदर लावला आणि त्यांनाच समजावलं, "तू तरी काय करशील बाबा. केलंस तेवढं लई झालं." जेवल्याशिवाय तिनं त्यांना जाऊ दिलं नाही.

आई लातूरला यायला तयार झाली नाही. तिची गल्ली, तिची मठात जाण्या-येण्याची वेळ, तिचे नांदेडचे डॉक्टर. माझं एव्हाना लग्न झालं होतं, म्हणून बायको तिच्याजवळ राहिली आणि मी लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागं एक खोली घेतली. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, अहमदपूर, लोहा करत दिवस मावळता नांदेड, रविवारी परत. पहिली काही वर्षं अशीच गेली. मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्या साली मला टंचाई शाखेत टाकलं. कोणत्या गावाला टँकर, कोणत्या विहिरीत भरायचा, कोणत्या गावानं टँकर अडवला, याच्या याद्या करायच्या आणि जीपमधून गावोगाव फिरून त्या खऱ्या आहेत का ते बघायचं. शनिवार-रविवार असा प्रकारच राहिला नाही. नांदेडला महिन्यातून एकदा जाणं होई, कधी तेही नाही.

त्या हिवाळ्यात आई गेली. बायकोनं तार केली ती ऑफिसात सकाळी दहाला आली. मी औशाकडच्या गावात होतो, टँकरवर बायकांची मारामारी झाली होती तिथं. तार माझ्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होती. मी संध्याकाळी परतलो तेव्हा हातात पडली. एसटी मिळाली नाही, एका ट्रकमधून निघालो आणि पहाटे घरी पोचलो. तोवर सगळं आटोपलं होतं. आमच्यात दहन करत नाहीत, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. फार वेळ ठेवता येत नव्हतं, लोक तरी किती थांबतील? मी गेलो तेव्हा ओल्या मातीवर बेल वाहिलेला होता, एवढंच मला दिसलं.

बायको म्हणाली, "दादा होते म्हणून निभावलं. सगळं त्यांनी केलं. विमानाला पुढून खांदा त्यांनीच दिला."

मी दादांच्या गळ्यात पडून रडलो. माझ्या आईला माझ्याऐवजी या माणसानं नेलं, याचे उपकार कसे फेडायचे, हा विचार पुढं चार महिने माझ्या डोक्यात होता.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला दादांचं पत्र आलं, की ऑफिसच्या कामानं शनिवारी लातूरला येतोय, रविवार मोकळा आहे, तेव्हा मी लगेच ठरवलं की त्यांना मरळ धरायला न्यायचं. नांदेडला आम्ही सहा वर्षांत मरळ दोनदाच बघितली होती, तीही दुसऱ्याच्या हातात. मरळ लबाड मासा. सापाचं असावं तसं डोकं, अंगात जोर एवढा की पाण्याबाहेर काढल्यावरही तासभर जिवंत राहते. शिरूर अनंतपाळच्या बाजूला एक तलाव मी टँकरच्या फेऱ्यांत बघून ठेवला होता. शिरूर तेव्हा तालुका नव्हता, मोठं गाव होतं. तलाव आटून चौथ्या हिश्शावर आला होता, ठेकेदारानं जाळी ओढून बाकी मासा नेला होता, पण चिखलात दडलेली मरळ जाळ्यात येत नाही. ती अजून आहे, असं काठावरचे लोक सांगत होते.

तिथं एका भोयाच्या घरी होडी होती. पत्र्याची, बुडाला डांबर फासलेली, तीन माणसं जेमतेम बसतील एवढी. भोई स्वतः रोजगार हमीवर खडी फोडायला गेला होता, पंधरा-पंधरा दिवस घरी येत नव्हता. त्याची बायको म्हणाली, "होडी मी वल्हवते की. त्यात काय हाय." मी जरा घुटमळलो. बाईनं होडी वल्हवलेली मी बघितली नव्हती. ती माझ्याएवढीच असेल, पस्तिशीची, रापलेली, काटक. किती घेणार, असं विचारलं तर म्हणाली, "पैशे नको. मासा घावला तर अर्धा माझा. दोन महिने झाले, घरात कालवण न्हाई. नुस्ती मिरची कुटून खाऊन राहिलो."

तो रविवार सकाळपासूनच वाकडा होता. एसटी सुटायला दीड तास उशीर झाला. मरळीला लावायला मी ऑफिसच्या आडातून चार बेडकं धरून आणली होती, डालड्याच्या डब्यात ओल्या फडक्यात ठेवलेली. तलावावर पोचून झाकण उघडलं तर तीन मेलेली. फडकं सुकून कडक झालं होतं. दादांनी नाक धरलं. "एवढं कळत न्हाई? भोकं पाडायची झाकणाला."

पाण्यापर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला. आधी भेगाळलेली जमीन, मग वर सुकी आणि आत मऊ अशी साय धरलेला चिखल, आणि मग पाणी, चहासारखं. दादांचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, बाहेर निघाला तेव्हा चप्पल आतच राहिली. ती बाई खांद्यापर्यंत हात घालून ती शोधत होती आणि दादा एका पायावर उभे राहून तिलाच सांगत होते, की इथं नाही, तिथं बघ. चप्पल काही मिळाली नाही. पाण्याची सुरई काठावर बाभळीखाली ठेवली होती ती होडीत घ्यायची राहून गेली, हे आम्हाला मधोमध गेल्यावर आठवलं.

होडीत आम्ही असे बसलो होतो: बाई मागच्या टोकाला वल्हं घेऊन, दादा पुढं आपली रीळवाली काठी घेऊन, मधे मी. ती रीळ त्यांनी हैदराबादहून आणली होती, तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माझ्या मांडीवर दांड्याची जाळी. मासा जवळ ओढला की ती खालून घालून त्याला उचलायचं, हे काम नांदेडपासून माझंच. बुडाला कुठंतरी बारीक गळत होतं, तेही मी डब्यानं उपसत होतो.

अकरा वाजले, बारा वाजले. एकुलतं जिवंत बेडूक दादांनी गळाला लावलं. माझ्या गळाला मेलेलं. मधेच पाण्यावर बुडबुडा फुटायचा, मरळ हवा घ्यायला वर येते त्याचा. आम्ही तिकडं गळ टाकायचो आणि ती दुसरीकडं वर यायची. दोनदा होडी चिखलात बसली. बाई खाली उतरली, कमरेएवढ्या गाळात उभी राहून तिनं ढकलली. एकदा रीळ अडकली आणि दादांनी तिला अशा शिव्या घातल्या की बाईनं तोंड फिरवलं. ऊन पाण्यावरून उलटं येऊन हनुवटीखाली भाजत होतं. तोंडाला कोरड, आजूबाजूला पाणी, आणि पिता येत नाही.

"तुझ्यासारखाच तुझा तलाव," दादा म्हणाले. "नुस्ता गाजावाजा."

मी हसलो. त्यांचं असं बोलणं मला लागत नसे. चार महिन्यांपासून तर ते काहीही बोलले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. मी म्हणालो, "दादा, एक सांगायचं राहिलं. आईच्या वेळी तुम्ही जे केलं ते—"

"जाऊ दे रे ते," त्यांनी रीळ गुंडाळत म्हटलं. मग गळ पुन्हा टाकून म्हणाले, "पण तुझं चांगलंच झालं इथं येऊन. साहेब लोक नावानिशी ओळखतात. तिथं असतास तर अजून आवक-जावकच लिहून राहिला असतास."

"असेल."

"म्हणून आता सांगायला हरकत न्हाई. ती यादी आली होती ना बदलीची, तीत नाव माझं होतं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुणाचं?"

"माझं. साहेबानं आत बोलावलं. म्हणाला, तुमच्या शाखेतून एक माणूस द्यायचाय, वरून तुमचं नाव आलंय. तुम्ही जात नसाल तर दुसरं नाव सांगा, आत्ताच्या आत्ता." त्यांनी गळ वर काढून बेडूक जिवंत आहे का ते बघितलं आणि पुन्हा टाकला. "मी तुझं सांगितलं."

हे ते इतक्या साधेपणानं बोलले की मला आधी रागच आला नाही. मी मूर्खासारखं विचारलं, "पण तुम्ही तर भांडला होता. टेबलावर हात आपटला होता."

ते हसले. "माझ्याच तोंडानं नाव दिल्यावर भांडू कुणाशी?"

"आईसमोर बसून म्हणालात तुम्ही."

"मग काय म्हणणार होतो तिच्यासमोर?" आता त्यांचा आवाज जरा चढला. "अरे, पोरगी दहावीला होती माझी. हिचं पोटाचं ऑपरेशन व्हायचं होतं. तू तरणा माणूस, एक पेटी उचलली की निघाला. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. आजही माहीत नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर आई त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढत होती, आणि ते "बस बस, मावशी" म्हणत होते. आईचा दमा त्यांना माहीत होता. त्या दम्यावरचा अर्ज त्यांच्याच सुंदर अक्षरात होता. आणि हे सगळं पोटात ठेवून त्यांनी तिच्या विमानाला पुढून खांदा दिला होता, जिथं मी असायला हवा होतो.

एवढं मी बोललो नाही. एवढंच म्हणालो, "आई गेली तेव्हा मी इथं होतो, दादा."

"म्हातारं माणूस होतं," ते म्हणाले. "तू तिथं असतास तर थांबली असती का?"

जमिनीवर असतो तर मी उठून चालू लागलो असतो. होडीत उठून उभंही राहता येत नव्हतं. त्यांचा घामानं भिजलेला सदरा माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. मी डबा घेतला आणि पाणी उपसत बसलो, उपसण्याजोगं नव्हतं तरी. मागं बाई वल्हं आडवं धरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. होडीत ऐकू न जाण्याजोगी जागा कुठली?

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येत नाही. बाईच हळू आवाजात म्हणाली, "सायब, तुमची दोरी."

दादांची तंगूस सरकत होती. सावकाश, तिरकी, पळसाच्या एका बुडालेल्या खोडाकडं. दादांनी दोन क्षण जाऊ दिली आणि झटका मारला. काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं. होडी एका अंगाला कलली, बाईनं वल्हं गाळात रोवून ती सावरली.

"मरळ आहे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, पोरासारखा झाला होता. "मोठी आहे रे."

ती खरंच मोठी होती. एकदा वर उसळली तेव्हा दिसली, माझ्या हाताच्या लांबीची, काळपट पाठ आणि पोटाशी पांढरे पट्टे. दादांनी तिला खोडापासून तोडून मोकळ्या पाण्यात आणली. त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे खोटं म्हणता येणार नाही. ओढायचे, सोडायचे, पुन्हा ओढायचे. दहा मिनिटं तरी चाललं असेल. बाई पुटपुटत होती, "ये माय, ये." मासा दमला, कुशीवर झाला आणि होडीच्या कडेला, माझ्या उजव्या हाताशी आला. त्याचा डोळा मला स्पष्ट दिसला.

"जाळी," दादा म्हणाले.

जाळी माझ्या मांडीवर होती.

"जाळी घाल रे! काय बघून राहिलास?"

पुढं बायकोला मी सांगितलं की हात आखडला होता. ते खोटं होतं. हात चांगला होता. मला नुसता दांडा धरून जाळी पाण्यात घालायची होती, सहा वर्षांत शंभर वेळा केलं होतं तसं. मी दांड्यावर हात ठेवला आणि ठेवूनच बसलो. दादांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. त्यांनी एका हातानं काठी धरून दुसऱ्या हातानं माझ्या मांडीवरची जाळी ओढायला बघितलं आणि मी ती दाबून धरली.

तेवढ्यात मरळीनं शेवटचा झटका दिला. तंगूस होडीच्या पत्र्याच्या कडेवर घासली आणि तुटली. मासा क्षणभर तसाच कुशीवर पडून राहिला, आपण सुटलो हे त्यालाही कळलं नसावं. मग शेपूट हलवली आणि त्या चहासारख्या पाण्यात खाली गेला.

मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. छातीतून एक गरम कळ आली आणि मला बरं वाटलं.

दादांनी तुटलेली तंगूस गोळा केली, रिळीवर नीट गुंडाळली, रीळ रुमालात बांधली. बोलली ती बाई. ती ओरडली नाही, सांगितल्यासारखं म्हणाली, "तुमच्या दोघायच्या भांडणात माझं कालवण गेलं."

माझं बरं वाटणं तिथं संपलं. तिचा अर्धा वाटा मी पार विसरलो होतो. सकाळपासून ती बाई मडकंभर कालवणाच्या आशेवर उन्हात आम्हाला घेऊन फिरत होती, गाळात उतरून होडी ढकलत होती, चप्पल शोधत होती. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं." ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग," आणि होडी काठाला वळवली.

काठावर बाभळीखाली सुरई होती, तिच्यातलं पाणी आम्ही तिघं प्यालो. मी खिशातून नोटा काढून बाईपुढं धरल्या. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. "बोली माशाची होती," म्हणाली. "मासा न्हाई, मग काय न्हाई." तिनं होडी ओढून खुंटाला बांधली, सुरईतलं उरलेलं पाणी मला विचारून आपल्या कळशीत ओतून घेतलं, आणि कळशी डोक्यावर घेऊन गावाकडं निघाली. तिच्या गावालाही टँकरच होता. माझ्याच यादीतला, दिवसाआड.

दादा एका पायात चप्पल घालून फाट्यापर्यंत चालले. मी माझ्या चपला काढून पुढं केल्या, कारण फुफाटा तापला होता आणि ते वयानं मोठे होते. त्यांनी घेतल्या नाहीत. एसटीत ते पुढच्या बाकावर बसले, मी मागं. लातूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. ते चढले, खिडकीशी बसले. मी खाली उभा राहिलो. गाडी सुटताना ते म्हणाले, "एवढ्या दिवसाचं तू असं फेडलंस." मी म्हणालो, "तुम्ही कसं फेडलंत, दादा?" त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

त्यानंतर दीड वर्षानं मला नांदेडला परत बदली मिळाली. दादा तोवर गावातल्याच दुसऱ्या ऑफिसात गेले होते. गावात असून आम्ही भेटत नव्हतो. कधी बाजारात समोर आले तर एकमेकांची तब्येत विचारायचो, दोघांचीही बरी असायची, आणि आपापल्या वाटेनं जायचो. मी काठ्या एका वीटभट्टीवाल्याला देऊन टाकल्या. नदीवर गेलो नाही. राग होता तोवर मला वाटायचं, एक दिवस दादा येतील आणि चुकलो म्हणतील. मग मीही म्हणेन. माझ्या मनात ते बोलणं तयार होतं, कोण काय म्हणणार इथपर्यंत.

ते आले. एका दुपारी, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी खाटेवर पडून रेडिओ ऐकत होतो. दारात त्यांचा आवाज ऐकला, "हाय का घरी?" आणि माझं ते तयार बोलणं कुठं गेलं कोण जाणे. मी बायकोला हातानं खूण केली. नाही म्हण.

ती दारात गेली. म्हणाली, "न्हाईत, बाहेर गेलेत."

रेडिओ चालूच होता. बंद करायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा बंद करणं त्याहून वाईट झालं असतं. दादा दारात उभे असलेले मला फटीतून दिसत होते. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांनी रेडिओ ऐकला, चपलांकडं बघितलं, माझ्याच होत्या. मग बायकोच्या हातावर पत्रिका आणि अक्षता ठेवल्या आणि म्हणाले, "दोघं या."

लग्न मुदखेडला होतं. मी गेलो नाही. बायको गेली, एकटी, सकाळच्या पॅसेंजरनं, माझ्याशी न बोलता. संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "काही विचारलं का त्यांनी?"

"न्हाई," ती म्हणाली. "पंगतीत स्वतः वाढून राहिले होते. माझ्या ताटात दोनदा वाढलं."

मग ती लुगडं बदलायला आत गेली.